सगळे उठून पुढे जातात, मी बाकावरच बसते

या वेळचं पत्र वसईत सासर असलेल्या एका वाचक भगिनीचं आहे. माहेर नगर जिल्ह्यातलं, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या मंडळीतलं. वडील निवृत्त शिक्षक. नवरा कॅथलिक. लग्न रीतसर परवानगी घेऊन वसईच्या चर्चमध्ये झालं, मुलीचा बाप्तिस्माही तिथेच. दर रविवारी त्या घरच्यांबरोबर मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जातात, सगळ्या प्रार्थना म्हणतात, गाणी गातात. कम्युनियनच्या वेळी, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर घ्यायला, अख्खा बाक उठतो तेव्हा मात्र लोकांना जायला वाट द्यावी म्हणून पाय आत घेऊन एकट्याच बसून राहतात.

आता मुलगी तिसरीत आहे आणि तिचं पहिलं कम्युनियन दोन-तीन महिन्यांवर आलंय. धर्मशिक्षणाच्या वर्गावरून आल्यावर तिने विचारलं, "मम्मी, तू मोठं पाप केलंयस का? टीचर म्हणाल्या, मोठं पाप असलं की घ्यायचं नसतं." नणंद म्हणते, "वहिनी, त्या दिवशी सरळ रांगेत उभ्या राहा. एवढ्या गर्दीत फादर कुणाकुणाचं तोंड बघणार?" सासूबाईंचं म्हणणं, हात छातीशी घेऊन पुढे जा, आशीर्वाद मिळेल. माहेरच्या मंडळीत छोट्या ग्लासांतून मनुकांचा रस देतात, त्यावरून दीर थट्टा करतात. वडील फोनवर म्हणाले, "पंगतीत बोलवायचं आणि पान वाढायचं नाही, असला प्रकार आहे हा. ते आपल्याला ख्रिस्ती समजतच नाहीत." आणि नवरा? "आमचे पाळकसाहेब सगळ्यांना बोलावतात, तरी हे नगरला कधी घेत नाहीत. आमच्यात ती नुसती आठवण असते, म्हणून त्यांना ते कमी वाटत असेल," असं त्या लिहितात. त्या दिवशी गुपचूप घ्यावं, कॅथलिक व्हावं, की दरवेळेसारखं बसून राहावं, हा त्यांचा प्रश्न आहे.

तुमच्या मुलीचा प्रश्न आधी घेते. बाकीच्यांना वेळ आहे, त्याला नाही. तिला आजच जवळ बसवून सांगा: मी बसते ते पाप केलंय म्हणून नाही. मी नगरच्या आजोबांच्या मंडळीची आहे, मी तिथे घेते. आठ वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. त्यापुढे ती जे विचारेल त्याचं तेवढंच उत्तर द्या, आख्खा चर्चचा इतिहास सांगत बसू नका. तो खाली मी तुम्हाला सांगणारच आहे.

टीचरचं चुकलेलं नाही. मनावर गंभीर पाप असेल तर आधी कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) आणि मग कम्युनियन, हा कॅथलिक नियमच आहे. पण बाकावर बसून राहण्याचं ते काही एकमेव कारण नव्हे. कम्युनियनच्या आधी तासभर पाणी आणि औषधाशिवाय काही घ्यायचं नसतं, आणि कुणी घाईत चहा-खारी खाऊन आलेलं असतं. कुणी लग्नाला आलेला हिंदू मित्र असतो. कुणी अजून पाच वर्षांचं असतं. शिवाय तिला मिस्सेतली एक जागा बोट ठेवून दाखवा. कम्युनियनच्या अगदी आधी फादरांसकट सगळे मोठ्याने म्हणतात, की प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस इतकी माझी योग्यता नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या रोमी शताधिपतीच्या तोंडचं हे बोलणं आहे, म्हणजे एका परक्या अधिकाऱ्याच्या. हे म्हटल्यावरच रांग सुरू होते. चांगले लोक पुढे आणि पापी मागे अशी वाटणी तिथे कुणी करत नसतं, हे तिला तेवढ्यावरून समजेल.

आता वडिलांचं म्हणणं. "ते आपल्याला ख्रिस्ती समजतच नाहीत," हे खरं नाही. तुमच्या लग्नाआधी फादरांनी तुमच्याकडून बाप्तिस्म्याचा दाखला मागितला असणार. तो मागितला, कारण पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला तुमच्या मंडळीतला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च खराच मानतं. उद्या तुम्ही कॅथलिक झालात तरी तो पुन्हा देणार नाहीत. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयी जो आदेश काढला त्यात तुमच्यासारख्यांना बंधुभगिनीच म्हटलेलं आहे. आणखी एक गोष्ट पुष्कळ कॅथलिकांनाही माहीत नसते. बाप्तिस्मा झालेल्या दोघांचं वैध लग्न कॅथलिक नियमाप्रमाणे संस्कार ठरतं. दोघांपैकी एक प्रोटेस्टंट असली तरी. म्हणजे तुमचं लग्न त्यांच्या सात संस्कारांपैकी एक आहे.

आणि म्हणूनच तुमचं दुःख मला फाजील वाटत नाही. बाप्तिस्मा मान्य, लग्न संस्कार म्हणून मान्य, आणि त्याच नवऱ्याबरोबर त्याच वेदीपाशी गेल्यावर मात्र थांबा. कॅथलिक धर्मपंडितांनीही आपल्या चर्चला हा प्रश्न विचारलेला आहे. तो विचारणं म्हणजे काही सासरच्या श्रद्धेचा अपमान नव्हे.

वडिलांच्या पंगतीच्या वाक्याला मात्र मी चूक म्हणणार नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं. नंतरच्या काळात त्या जिल्ह्यात जे ख्रिस्ती झाले त्यांतले बहुसंख्य महार-मांग समाजातले होते. ज्यांची सावली नको, ज्यांचा पाणवठा वेगळा, त्यांनी एका प्याल्याला ओठ लावायचे आणि त्याच प्याल्याला वरच्या जातीतून आलेल्यानेही लावायचे. गावात जे कधी घडणार नव्हतं ते प्रभुभोजनाच्या, म्हणजे तुमच्याकडच्या कम्युनियनच्या, टेबलाशी घडायचं होतं. तुमच्या घरचा इतिहास तुम्ही लिहिलेला नाही आणि मी विचारणार नाही. पण नगरच्या मंडळीत वाढलेल्या माणसाच्या कानाला 'तू बस, आम्ही घेऊन येतो' हे कसं लागतं, ते वसईच्या माणसाला आपणहून कळण्यासारखं नाही. त्यांची परंपरा पोर्तुगीजांच्या काळापासूनची, त्यांच्या घरातल्या आठवणी निराळ्या. तेव्हा दोन्हीकडे तुम्हालाच बोलावं लागेल: हा नियम जातीचा नाही, हे वडिलांना सांगायचं, तो जातीसारखा लागतो, हे नवऱ्याला. यातलं दुसरं तुम्ही आजवर बोलला नसाल असा माझा अंदाज आहे.

मग नियम कशाचा आहे? शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने भाकर मोडली आणि म्हटलं, "हे माझे शरीर आहे." आणि म्हटलं, "माझ्या स्मरणार्थ हे करा." दोन्ही वाक्यं सगळ्यांच्याच बायबलमध्ये आहेत. कॅथलिक श्रद्धा पहिल्या वाक्याला अक्षरशः धरून आहे. धर्मगुरूने मिस्सेत ते शब्द उच्चारले की भाकर आणि द्राक्षारस दिसायला-चवीला तसेच राहतात, पण मुळातून पालटून ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. १२१५च्या लॅटरन परिषदेने ही भाषा वापरली, १५५१मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ती पक्की केली. मिस्सा संपल्यावर उरलेलं ख्रिस्तशरीर वेदीजवळच्या पेटीत कुलूप लावून ठेवतात, शेजारी दिवा अखंड तेवत असतो, आणि तुमच्या सासूबाई बाकात शिरण्याआधी त्या दिशेला गुडघा टेकतात. पुढच्या रविवारी हे नीट बघा. सासूबाईंचा गुडघा दुखत असला तरी त्या टेकणारच. देव तिथे आहे, असं त्या मानतात. म्हणून तिथे कोण जातो याबद्दल त्यांचं चर्च इतकं काटेकोर आहे.

प्रोटेस्टंट मात्र सगळे एका बाजूला उभे आहेत असं नाही. १५२९ साली जर्मनीत मारबुर्गच्या किल्ल्यात लूथर आणि झ्विंगली हे दोन आद्य प्रोटेस्टंट सुधारक समोरासमोर बसले. पंधरा मुद्दे होते, चौदांवर जुळलं. जो जुळला नाही तो हाच. लूथरने टेबलावर खडूने "हे माझे शरीर आहे" असं लॅटिनमध्ये लिहून ठेवलं होतं, आणि वाद रंगल्यावर त्याकडे बोट दाखवून तो हटेना. भाकर भाकरच राहते, पण ख्रिस्त तिच्यात आणि तिच्यासोबत खराखुरा असतो, असं त्याचं म्हणणं. झ्विंगलीचं म्हणणं, ही खूण आहे, स्मरण आहे. कॅल्विन हा आणखी एक सुधारक पुढे आला आणि त्याने निराळी मांडणी केली: भाकरीत काही पालट होत नाही, तरी विश्वासाने घेणाऱ्याला पवित्र आत्म्याच्या द्वारे ख्रिस्त खरोखर मिळतो. अँग्लिकनांच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, ३९ कलमांतलं २८वं कलम कॅथलिकांचा 'पालट' नाकारतं, आणि त्याच दमात ख्रिस्ताचं शरीर दिलं जातं, घेतलं जातं, पण ते स्वर्गीय आणि आत्मिक रीतीनेच, असंही म्हणतं.

आता तुमची मंडळी कुठे बसते? चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन झालं. त्यात अँग्लिकन होते, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन परंपरेचं संयुक्त चर्च होतं, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स होते. झ्विंगली, कॅल्विन आणि ते २८वं कलम, सगळ्यांचे वारस एकाच टेबलाशी आले. त्यामुळे "आमच्यात ती नुसती आठवण" हे जे तुम्ही तुमच्या मंडळीचं मत म्हणून लिहिलंत, ते मला पटत नाही. पाळकसाहेबांना विचारा. उपासनेच्या पुस्तकातली प्रभुभोजनाची प्रार्थना एकदा घरी निवांत वाचा, रविवारी तोंडाने म्हणून जातो तशी नको. मला शंका येते, की दहा ठिकाणी 'त्यांच्यात खरं असतं, तुमच्यात प्रतीक असतं' असं ऐकून तुम्हीच आपल्या भाकरीची किंमत कमी धरायला लागला आहात. नुसती आठवण असती तर वसईत ती मिळत नाही म्हणून इतकं टोचलं असतं का?

आमचं टेबल खुलं आणि त्यांचं बंद, हीही अर्धीच गोष्ट. बाप्तिस्मा झालेली पण दृढीकरण (कन्फर्मेशन, म्हणजे मोठं झाल्यावर स्वतः श्रद्धा पक्की करण्याचा विधी) न झालेली मुलं तुमच्याकडेही पुष्कळ मंडळ्यांत प्रभुभोजन घेत नाहीत. अँग्लिकनांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात तर लिहूनच ठेवलं होतं, की ज्याचं कन्फर्मेशन झालेलं नाही आणि जो त्याला तयारही नाही त्याला देऊ नये. हे कन्फर्मेशन बिशपच्या हातून व्हायचं, आणि अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांना बिशपच नव्हते. नगर जिल्ह्यात दोन्ही मिशनं काम करत होती. एकीकरणाआधीच्या काळात तुमचे आजोबा शेजारच्या अँग्लिकन देवळात गेले असते आणि तिथल्या पाद्रीसाहेबांनी नियमावर बोट ठेवलं असतं, तर तेही पाय आत घेऊन बसले असते.

इतरांची तऱ्हा आणखी वेगळी. ब्रदरेन असेंब्लीवाले (वर आलेल्या ब्रदरेनांहून हे वेगळे) दर रविवारी भाकर मोडतात, पण परगावहून येणाऱ्याने आपल्या असेंब्लीचं शिफारसपत्र आणावं अशी त्यांच्यात चाल आहे. केरळचे ऑर्थोडॉक्स स्वतःच्या तान्ह्या बाळाला बाप्तिस्म्यापासून देतात आणि शेजारच्या प्रोटेस्टंट आजोबांना देत नाहीत. तुमच्या नगरला सॅल्व्हेशन आर्मीचं जुनं काम आहे. त्यांनी १८८३पासून हा विधीच ठेवलेला नाही. कोणालाच द्यायचं नाही म्हटल्यावर भांडणच मिटलं! आणि दीर रसावरून थट्टा करतात ना, तर त्यांना एवढंच विचारा, की तुम्ही स्वतः वेदीवरचा प्याला शेवटचा कधी ओठाला लावला? १४१५मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने सामान्य भाविकांचा प्याला बंद केला. दुसऱ्या व्हॅटिकननंतर तो पुन्हा देता येतो, तरी आपल्याकडच्या बहुतेक मिस्सांत लोकांच्या वाट्याला भाकरच येते. मनुकांचा का होईना, तुमच्याकडे प्याला तरी मिळतो. ही थट्टा थट्टेनेच परतवायची, तिच्यावरून घरात वाद नको.

नवऱ्याबद्दल तुम्ही जो अंदाज बांधलाय तो मला बरोबर वाटत नाही. ज्या चर्चमधली धर्मगुरुपदाची परंपरा कॅथलिक चर्च पूर्ण मानत नाही, तिथलं कम्युनियन कॅथलिकाने घ्यायचं नाही, असा त्यांच्यावर नियम आहे. पाळकसाहेबांनी कितीही प्रेमाने बोलावलं तरी तो सुटत नाही. म्हणजे नगरला तुम्ही आणि तुमचे आईवडील पुढे जाता तेव्हा बाकावर एकटे राहतात ते तुमचे यजमान. तुम्हाला त्यात कमी लेखणं दिसलं. त्यांना तिथे बसून काय वाटत असेल? पत्रात त्यांचं या विषयावरचं एकही वाक्य नाही. सासू, नणंद, दीर, वडील, टीचर, सगळ्यांची वाक्यं आहेत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त खटकलं. बाकीचं काही करण्याआधी एका संध्याकाळी दोघांनीच बाहेर जा आणि एवढंच विचारा: मी बसते तेव्हा तुला काय होतं? नगरला तू बसतोस तेव्हा काय होतं?

आता तुमचे पर्याय.

गुपचूप घेणं. नणंदेने प्रेमापोटी सुचवलं आहे, आणि गर्दीत फादर ओळखणार नाहीत हेही खरं. मी तरी सांगेन, घेऊ नका. कारण पकडले जाण्याचं नाही. फादर ओस्ती, म्हणजे कम्युनियनची पातळ भाकर, समोर धरून "ख्रिस्ताचे शरीर" म्हणतात आणि घेणारा "आमेन" म्हणतो. त्याच मिस्सेत थोडं आधी पोपचं आणि वसईच्या बिशपांचं नाव घेऊन प्रार्थना झालेली असते. कॅथलिक समजुतीप्रमाणे तो आमेन म्हणजे या सगळ्याला होकार: इथे जे आहे ते मी मानते, आणि या मंडळींत मी मोडते. तुमचा तसा होकार असेल तर तो चोरून देण्यासारखा नाही. नसेल तर मुलीच्या आयुष्यातल्या पहिल्या आमेनच्या शेजारी तुमचा तसला आमेन नको. आणि फादर नसतील बघत, मुलगी बघते. काल आई बसली होती, आज घेते, आणि घरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, यावरून ती काय शिकेल याचा विचार करा. तुमच्यासारख्या कितीतरी जणींनी एखाद्या लग्नात, एखाद्या मयतीच्या मिस्सेत न राहवून घेतलं असेल. त्यांना मी नावं ठेवणार नाही. मला विचारलंत म्हणून सांगितलं.

कॅथलिक होणं. श्रद्धाच तिकडे वळली असेल तर जरूर व्हा, आणि वडिलांना स्वतः जाऊन सांगा, फोनवर नको. पण तुमच्या पत्रात श्रद्धा वळल्याची एकही ओळ मला सापडली नाही. सापडलं ते एकटेपण. एकटेपणावर धर्मांतराचा उपाय केला, की काही वर्षांनी त्याचा राग कुणावर तरी निघतो, बहुधा नवऱ्यावर. कार्यक्रमाची तारीख गाठायची म्हणून तर मुळीच नको.

आणखी एक पर्याय तुम्ही लिहिला नाहीत: रीतसर विचारणं. कॅथलिक कायद्याच्या ८४४व्या कलमात प्रोटेस्टंट ख्रिस्ती व्यक्तीलाही कम्युनियन देण्याची वाट ठेवलेली आहे, पण ती फार अरुंद आहे. मरणाची वेळ हवी, किंवा बिशपांच्या मते तशीच गंभीर निकड हवी. स्वतःचा पाळक मिळण्यासारखा नसावा, मागणी आपणहून असावी, त्या संस्काराबद्दल कॅथलिक श्रद्धा असावी आणि मनाची तयारी असावी. वसईहून लोकल पकडली की तुमच्याच चर्चच्या उपासनेला मुंबईत जाता येतं. तेव्हा 'पाळक मिळत नाही' ही अट तुमच्या बाबतीत बसवणं अवघड. मिश्र विवाहातली ओढ हीच गंभीर निकड मानावी का, यावर मात्र खुद्द कॅथलिक चर्चमध्ये वाद चालू आहे. नोव्हेंबर २०१५मध्ये रोममधल्या लूथरन चर्चमध्ये एका बाईंनी पोप फ्रान्सिस यांना हाच प्रश्न विचारला होता. त्या लूथरन, नवरा कॅथलिक. पोपनी परवानगी दिली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. प्रभूशी बोला आणि पुढे जा, अशा अर्थाचं उत्तर दिलं. २०१८ साली जर्मनीच्या बिशपांनी अशा जोडप्यांसाठी मार्गदर्शन तयार केलं, तेव्हा ते छापण्याजोगं परिपक्व झालेलं नाही, असं रोमहून पत्र आलं. तुम्ही फादरांना भेटून विचारलंत तर उत्तर बहुतेक 'नाही' असंच येईल, हे धरून चाला. तरी विचारावं असं मला वाटतं. दर रविवारी आपल्या बाकावर काय घडतं हे त्या फादरांनाही कळू दे. जाताना नवऱ्याला बरोबर न्या, आणि बोलणं त्यांना सुरू करू द्या.

त्याच भेटीत त्या दिवसाचं ठरवून टाका. मिस्सेत अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस लोकांमधून वेदीकडे नेतात. ते नेण्याचं काम मुलांच्या आईवडिलांना देणार असतील तर त्यात तुमचंही नाव घालता येईल का, असं विचारा. मुलगी जे घेणार आहे ते तुमच्या हातून वेदीपर्यंत जाईल. यात तुमच्या श्रद्धेला किंवा त्यांच्या नियमाला बाध येण्यासारखं मला काही दिसत नाही. शेवटचा शब्द अर्थात फादरांचा. शास्त्रवाचन मात्र मागू नका. मिस्सेतलं वाचन कॅथलिकानेच करावं असा त्यांचा सर्वसाधारण दंडक आहे, तिथे विनाकारण दुसरा नकार पदरात पडेल.

सासूबाईंच्या सूचनेला नाक मुरडू नका. हात छातीवर घेऊन रांगेत जायचं आणि आशीर्वाद घ्यायचा, ही पद्धत मिस्सेच्या अधिकृत विधीत नाही, पण पुष्कळ ठिकाणी चालते. तुमच्या चर्चमध्ये चालते का ते आधी विचारून घ्या, नाहीतर फादर ओस्ती पुढे करतील आणि तुमची तारांबळ उडेल. काहींना तो आशीर्वाद म्हणजे समजूत काढल्यासारखा वाटतो. तसं वाटत असेल तर बसून राहणं केव्हाही बरं, पण मान खाली घालून नको. कम्युनियन घेता न येणाऱ्या कॅथलिकांमध्येही मनोमन प्रार्थना करून ख्रिस्ताला आत बोलावण्याची जुनी रीत आहे. सासूबाईंना विचारलंत तर त्यांना ती प्रार्थना पाठ असेल. तुमच्या मंडळीत वाढलेल्या कुणालाही ती म्हणायला अडचण येऊ नये.

आणि आपलं टेबल सोडू नका. पत्रात नगरला वर्षातून एक-दोनदा जाते असं आहे, म्हणजे प्रभुभोजनही तेवढंच. वसईत भूक लागते त्याचं एक कारण हेही असेल. महिन्यातून एका रविवारी मुंबईतल्या तुमच्या चर्चच्या उपासनेला जा, जमलं तर तिघंही जा. मुलगी तिथे घेणार नाही, नवरा घेणार नाहीत, तुम्ही घ्याल. बसून राहणं घरात फक्त आईच्या वाट्याला येत नाही, हे मुलीला त्या एका रविवारी दिसेल.

हे वाचणाऱ्यांत लग्न ठरलेली जोडपीही असतील, त्यांच्यासाठी थोडं. मिश्र विवाहाची परवानगी मागताना कॅथलिक व्यक्तीकडून लेखी घेतात, की मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं म्हणून मी माझ्या परीने सर्व काही करीन. वचन त्याचं असतं, पण दुसऱ्या बाजूला त्याची कल्पना द्यायची असते. 'नुसती सही आहे' असं म्हणून कुणी तो कागद पुढे सरकवला तर थांबा आणि वाचा. कुठला रविवार कुठे, मुलांचं धर्मशिक्षण कोण घेणार, आजोळच्या मंडळीत त्यांचं स्थान काय, हे हॉल बुक करण्याआधी बोला. विवाहाचा विधी मिस्सेसह हवा की मिस्सेविना, हेही फादरांना विचारा. अशा लग्नांसाठी मिस्सा नसलेला विधी आहे, आणि तोच घेतला तर लग्नाच्या दिवशीच अर्धे पाहुणे पुढे आणि अर्धे बाकावर असं होत नाही.

राहिले तुमचे वडील. ते समारंभाला येतीलच. त्यांना वसई स्टेशनवरून घरी आणताना रिक्षात हे सांगायचं नाही. आठवडाभर आधी सांगा, की कम्युनियनच्या वेळी आपण दोघं एकाच बाकावर बसणार आहोत, आणि का. जमल्यास हा फोन तुमच्या नवऱ्याला करू द्या. फोटोग्राफरलाही आधीच बजावून ठेवा, नाहीतर हे लोक नेमके कम्युनियनच्या रांगेचेच फोटो काढतात आणि अल्बममध्ये आई कुठेच नसते. सगळ्यांचा फोटो मिस्सा संपल्यावर वेदीसमोर घ्या, आजोबांना मधे उभं करून.